फॅशनचे शिक्षण आणि शासन : 'निफ्ट'ची पहिली वीस वर्षे

फॅशन म्हटले की प्रकाशझोतातील मंच डोळ्यांसमोर येतो. भारत सरकार या शिक्षणाकडे वळले ते मात्र निर्यातीच्या हिशेबातून. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच 'निफ्ट', १९८६ साली दिल्लीत स्थापन झाली ती शिक्षण खात्याच्या नव्हे, तर वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या छत्राखाली. हा तपशील किरकोळ वाटला तरी संस्थेचा पुढील इतिहास त्यातूनच उलगडतो.

१९७४ पासून 'मल्टी फायबर अरेंजमेंट' या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेनुसार प्रगत देश विकसनशील देशांच्या कापडावर व तयार कपड्यांवर कोटा लादीत. नगांच्या संख्येला मर्यादा असेल, तर अधिक परकीय चलन मिळविण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक नगाचे मूल्य वाढविणे. त्यासाठी खरेदीदाराच्या नमुन्याबरहुकूम शिवणारे हात पुरेसे नव्हते; नमुना कल्पिणारी, पॅटर्न बनविणारी, कारखान्याचे उत्पादन आखणारी माणसे हवी होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९६१ पासून डिझाइन शिक्षणाचा पाया घातला होता. तयार कपड्यांच्या उद्योगाची गरज मात्र अधिक नेमकी होती.

हाच काळ मुंबईच्या गिरण्यांच्या पडझडीचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव पुन्हा सावरले नाही. दिल्लीतील नवी संस्था वस्त्रव्यवसायाच्या पुढच्या टप्प्यासाठी होती. मागे पडलेल्यांसाठी नव्हती, याची नोंद इतिहासाने ठेवायला हवी.

संस्थेच्या संस्थापक संचालक रती विनय झा या भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी. अभ्यासक्रमासाठी न्यूयॉर्कच्या 'फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी'चे सहकार्य लाभले. पहिल्याच तुकडीतून रितू बेरी यांच्यासारख्या डिझायनर पुढे आल्या. १९९०च्या दशकात मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, गांधीनगर व बंगळूर येथे केंद्रे निघाली.

उद्योगाने संस्थेवर विश्वास टाकला, तरी विद्यार्थ्याच्या हाती पडत होती ती पदविका. संस्था नोंदणीकृत सोसायटी होती आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना किंवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच असतो. नोकरी मिळणाऱ्याला याची झळ लागत नसे; पुढे विद्यापीठात शिकू पाहणाऱ्याला किंवा पदवी अनिवार्य असलेल्या परीक्षेला बसू पाहणाऱ्याला मात्र दार अडलेले असे. मंत्रालयाच्या छत्राने उद्योगाशी जवळीक दिली, पण विद्यापीठीय मान्यता दिली नाही. ही उणीव संसदेने २००६ च्या निफ्ट कायद्याने दूर केली. संस्था वैधानिक झाली आणि तिला पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

योगायोग असा, की कोट्याची व्यवस्था १ जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आली होती. ज्या निकडीतून संस्था जन्मली, ती निकड ओसरल्यावर तिला कायद्याचे स्थैर्य लाभले. निकड सरल्यावरही नुसत्या अंगवळणी पडलेल्या सवयीने चालणारी कार्यालये आपल्याकडे थोडी नाहीत. निफ्टचे तसे झाले नाही, कारण कोटा संपला तरी कपड्याची कल्पना करण्यापासून कारखान्यातील उत्पादनापर्यंतचे ज्ञान जुने झाले नव्हते. आज तिचे विद्यार्थी विणकरांच्या व कारागिरांच्या वस्त्यांत जाऊनही शिकतात. निर्यातीच्या आकड्यांसाठी उभारलेल्या संस्थेची पुढील कसोटी तेथेच आहे : विद्यार्थ्याच्या नावाबरोबर त्या कारागिराचे नाव व मोबदला वाढतो का, हे पाहण्यात.