कप्पीच्या धनुष्याचं घराणं

अमेरिकेतल्या शिकारीच्या दुकानात भिंतीवर टांगलेलं नवं धनुष्य पाहिलं, तर रामायणाच्या चित्रांवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ते धनुष्य वाटतच नाही. मधला दांडा धातूचा, वरखाली दोन चाकं, त्यांवरून आडव्यातिडव्या गेलेल्या दोऱ्या. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी तिथे लाखो लोक हे यंत्र घेतात. त्याचं घराणं मात्र एका संग्रहालयापाशी सुरू होतं.

ऑगस्ट १९११मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा एक भुकेजलेला माणूस सापडला. सोन्यामागे आलेल्या गोऱ्यांनी त्याची जमात कापून काढली होती. हा एकटा उरलेला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणलं. इशी हे नाव त्यांनीच दिलं. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन सॅक्स्टन पोप इशीवर उपचार करता करता त्याचे शागीर्द झाले. इशीचं धनुष्य ज्युनिपरच्या लाकडाचं, पाठीवर स्नायूंचे तंतू चिकटवलेलं. बाणाचं टोक तो काळ्या ज्वालामुखी काचेचं घडवी. फुटक्या बाटलीची काचही त्याला चाले. पण पोप यांना मोठा धडा मिळाला तो हत्याराबाहेरचा. हरणाला वास लागू नये म्हणून शिकारीआधी इशी तंबाखू आणि मासे वर्ज्य करी, ओढ्यावर आंघोळ करी. आज बिनवासाचे साबण, बिनवासाचे कपडे विकणारे कारखाने त्याचीच ही शिस्त पुडीत बांधून विकतात!

१९१६ साली इशी क्षयानं गेला. पोप यांचं धनुर्विद्येवरचं पुस्तक १९२३मध्ये आलं. त्यांचे जोडीदार आर्थर यंग यांचा अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट डेट्रॉइटमध्ये पाहून फ्रेड बेअर या छंदात पडले आणि पुढे त्यांनी धनुष्यांचा कारखानाच काढला. १९३४मध्ये विस्कॉन्सिन राज्यानं दोन काउंटींत फक्त धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा हंगाम ठेवला. त्याच राज्यात तेव्हा वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्य-बाण घडवत.

पण मारायला हरणं होती कुठे? बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीनं विसावं शतक उजाडताना ती अख्ख्या देशात जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती. १९३७मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. शिकारी बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून राज्यांना द्यायचा. राज्यानं कामाच्या खर्चाचा चौथा हिस्सा घालायचा आणि शिकारीच्या परवान्यांचे पैसे दुसरीकडे वळवायचे नाहीत. ही शेवटची अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. सरकारी तिजोरीत पैसा कुठून कुठे जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता पुन्हा धनुष्याकडे. इथे मिसुरी राज्यातले हॉलिस विल्बर ॲलन प्रवेश करतात. त्यांनी धनुष्याच्या टोकांना मध्याबाहेर आस असलेल्या कप्प्या लावल्या. पेटंटसाठी अर्ज १९६६चा, मंजुरी १९६९ची. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढावी तितकी जड होत जाते. ऐन नेम धरताना हात थरथरतो. ॲलन यांच्या कप्प्या ओढीच्या शेवटी अशा फिरतात, की भार एकदम उतरतो. ६० पौंडांचं धनुष्य ७५ टक्के भार उतरवत असेल, तर पूर्ण ताणल्यावर हातात १५ पौंडच राहतात. हरिण झाडाआडून पुढे येईपर्यंत माणूस थांबू शकतो. जुन्या लोकांनी अर्थातच नाकं मुरडली. पोप आणि यंग यांच्या नावानं १९६१मध्ये निघालेल्या क्लबनं ६५ टक्क्यांहून जास्त भार उतरवणाऱ्या धनुष्यानं केलेली शिकार आपल्या विक्रमांच्या नोंदवहीत बरीच वर्षं धरली नाही.

धनुर्धारी वाढत होते आणि कायद्याची नजरही त्यांच्याकडे वळली. १९७२च्या दुरुस्तीनं धनुष्य-बाणही कराच्या कक्षेत आले. धनुष्यावर ११ टक्के. त्याच साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीची दारं बंद होत गेली. तिथे शिकाऱ्यालाच वर्गणीदार केलं गेलं.

कप्प्या आल्या तरी बाणाचा पल्ला बंदुकीसारखा नाही. हरिण वीस-तीस यार्डांत यावं लागतं, म्हणून शिकारीच्या जमिनीची आखणीही बदलली. क्लोव्हर, ओट, सलगम यांचे छोटे तुकडे पेरायचे, हरणांची वाट हेरून वाऱ्याच्या खालच्या अंगाला झाडावर मचाण बांधायचं. टेक्सासच्या अल ब्रदर्स आणि मर्फी रे यांनी १९७५च्या पुस्तकात जमीनमालकांना सांगितलं, की कोवळे नर राखा आणि माद्या पुरेशा मारा. शिंगांच्या मोहात असलेल्यांना हे पचायला वेळ लागला.

आज तिथे ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. श्रेय एकट्या कराचं नाही. सोडलेल्या शेतांवर पुन्हा रान माजलं, लांडगे-कूगर बहुतेक ठिकाणी आधीच संपवले होते. आणि हल्ली या कराच्या निधीचा मोठा हिस्सा भरतात ते शिकारीला कधीच न जाणारे, निव्वळ नेमबाजीसाठी किंवा घरात ठेवायला बंदूक घेणारे लोक.