बलकाची सही

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देवघरातली तसबीर उतरवून पुसायची, हे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत ते चित्र कोणी काढले असेल, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पाडला माझ्या एका विद्यार्थ्याने.

आमची शाळा खालापूर तालुक्यातली. एकदा मुलांना मुंबई दाखवायला नेले, तेव्हा काळ्या घोड्यापाशी १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनातही हिंडवले. मुले चित्रांपेक्षा खालच्या चिठ्ठ्याच वाचत सुटली. परतीच्या खोपोली गाडीत, नेरळ मागे पडल्यावर, त्यांतल्या एकाने विचारले, "गुरुजी, असलं दालन आपल्याकडं नाही का?"

या मुलाचे मी एक देणे लागत होतो. त्याने एकदा फळ्यावर माझे नाक काढले होते. ते हुबेहूब होते, म्हणूनच वर्ग हसला, आणि म्हणूनच मी त्याचा कान पिरगळला. पुढे त्याने शाळेत खडू हातात धरला नाही.

"आहे की," मी म्हणालो, "आणि तिथंही चिठ्ठी आहे. दोन हजार वर्षांची!"

मार्गशीर्षात आम्ही कर्जतला उतरलो. तिथून कोंदिवड्यापर्यंत वाहनाने आणि पुढे रानातून पायी. राजमाचीच्या उतारावर, झाडीत दडलेली कोंडाण्याची लेणी एकदम समोर येतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंसाठी ही कोरली गेली. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. त्या वाटांच्या आसपास भिक्षूंचे वर्षावास आणि व्यापाऱ्यांचे विसावे झाले. म्हणजे आज आपली आगगाडी जिथे दम खात घाट चढते, तिथली वर्दळ काही नवी नव्हे.

चैत्याची कमान पाहून मुले गप्प झाली. घोड्याच्या नालाच्या आकाराची ती प्रचंड कमान, तिच्या दोन्ही अंगांना सज्जे, जाळ्या, तुळयांची टोके. सगळे सुताराने घडवल्यासारखे, पण दगडात. त्या काळी घरे लाकडाची असत. पाथरवटांनी लाकडाचीच वळणे कातळावर उतरवली. वरच्या चौकटींतून नाचणारी जोडपी आहेत. त्यांची नाके झिजली आहेत, पण कंबरेचा डौल काही गेलेला नाही.

"चिठ्ठी कुठंय, गुरुजी?"

मी त्यांना दर्शनी भागाच्या डाव्या बाजूस नेले. तिथे उठावात कोरलेल्या, माणसाच्या दुप्पट आकाराच्या मूर्तीचे नुसते मस्तक उरले आहे. चेहरा पार गेला आहे. मुंडाशाचे पीळ मात्र इतके नाजूक की बोट फिरवायचा मोह व्हावा. तिथेच, खांद्याच्या वर, ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे. तिचा अर्थ मी सांगितला: कण्हाचा अंतेवासी बलक याने केले. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य.

आपल्या लेण्यांतून नावे पुष्कळ सापडतात, पण बहुतेक दान देणाऱ्यांची. घाट चढून कार्ल्याला जा. तिथे वैजयंतीच्या भूतपाल शेठजींनी आपले शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरवून ठेवले आहे. आणि ते खोटेही नाही! पण छिन्नी धरणाऱ्याचे नाव क्वचितच. आपल्या कर्जतच्या रानात ते आहे.

तो मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "केलं बलकानं. मग गुरूचं नाव आधी कशाला?"

उत्तर देणे हा माझा धंदा. पण त्या वेळी गुरुभक्तीवरचे पाठ केलेले वाक्य तोंडात येईना. कण्हाने या पोराच्या हातून छिन्नी काढून घेतली नसेल, एवढेच मनात आले.

"त्या गुरूनं त्याला करू दिलं असेल," मी म्हणालो. थोडे थांबून पुढे म्हणालो, "त्या दिवशी फळ्यावरचं नाक चांगलं जमलं होतं बरं का."

मुले हसली. तो हसला नाही. दप्तरातून वही काढून दगडावर बसला आणि मुंडाशाचे पीळ काढू लागला. डबे खाऊन झाले तरी उठेना. निघताना त्याने चित्राखाली आपले नाव घातले आणि वही मिटली. माझे नाव त्यात नव्हते. असावे असे मी केले तरी काय होते? पण वही पुन्हा उघडली होती. मला तेवढे पुष्कळ झाले.

घाटावर मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी मराठी घरांच्या भिंती सजवल्या. घरातली तसबीर उतरवताना यंदा चित्राच्या कोपऱ्यात नाव आहे का, ते जरूर पाहा. आणि भाऊबीज उरकली की मुलाबाळांसह कोंडाण्याला जा. तेव्हा वाट सुकलेली असते, ऊनही कोवळे असते. बलक तिथेच आहे.