क्लिकर प्रशिक्षण
क्लिकर प्रशिक्षण : ‘टिक्’ असा एकसारखा आवाज करणाऱ्या लहान उपकरणाने योग्य कृतीचा नेमका क्षण दाखवून व लगेच खाऊ देऊन कुत्र्याला कसरती शिकविण्याची पद्धत. तिचे मूळ बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानात आहे (→ अभिसंधान, प्रबलन). त्यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलंड यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत ही तत्त्वे प्राण्यांच्या व्यावसायिक प्रशिक्षणात आणली. पाळीव कुत्र्यांसाठी प्रसार १९९० नंतर, मुख्यतः डॉल्फिन-प्रशिक्षक कॅरेन प्रायर यांच्यामुळे झाला.

प्रथम टिक् होताच खाऊ, असे अनेकदा करतात. आवाज खाऊची हमी ठरला की कसरत टप्प्याटप्प्याने घडवितात : आधी पंजा किंचित उचलला तरी टिक्, पुढे हातावर ठेवला तरच. ‘पंजा दे’ हा हुकूम कृती पक्की झाल्यावर जोडतात. टिक् उशिरा झाल्यास भलतीच कृती पक्की होते. पद्धतीतील अवघड भाग हाच. शिक्षेला स्थान नाही. जात दुय्यम असल्याने यवत-दौंडकडील गावठी कुत्रा किंवा कारवानीही शिकू शकतो (→ कारवान हाउंड). खाऊ म्हणून भाकरीचा तुकडा व उपकरणाऐवजी बॉलपेनची कळ चालते.