कातर, टीप आणि हप्ता

इतिहास म्हटला की लोक तलवारीपासून सुरुवात करतात. आमच्या घराण्यात तलवार नव्हती. वंशपरंपरेनं चालत आलेलं शस्त्र एकच, कापड बेतायची कातर. आणि तिनं कुणी कागद कापताना सापडला तर घरात खरोखरीची लढाई व्हायची.

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फुटी रुळांची गाडी निघाली, तीच ‘शकुंतला’. ती काही आमच्या पणजीला माहेरी पोचवायला काढलेली नव्हती. कापसाच्या गाठी मुंबईमार्गे मँचेस्टरला जाव्यात म्हणून होती. तिचं १९२१ सालचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच. ते बिचारं १९९४ पर्यंत धापा टाकत राहिलं. म्हणजे कापूस आमचा, कापड त्यांचं आणि मधला धूर तेवढा पुन्हा आमचा. आता ती गाडी बंद आहे. पण आमच्याकडे शिवणाचं मशीन आलं ते तिच्याच डब्यातून, दारव्हा स्टेशनावर, स्वातंत्र्याच्या दहा-बारा वर्षं आधी.

पणजी तेव्हा नुकतीच विधवा झाली होती. पदरात तीन लेकरं. दिराच्या घरी दोन वेळचं जेवण मिळे, पण ताटात भाकरीबरोबर बोलणंही वाढलं जाई. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात, १९०९ पासून, बायकांना शिवण-टिपण शिकवून पायावर उभं करत. पण दारव्ह्याच्या बाईला पुणं आणि विलायत सारखीच. पणजीचं सेवासदन म्हणजे गल्लीतले म्हातारे शिंपीकाका. त्यांनी तिला फाटक्या धडुत्यावर बेतायला शिकवलं, आणि मशीन घ्यायची हिंमतही त्यांनीच दिली.

मशीन सिंगरचं, स्कॉटलंडात क्लाइडबँकच्या कारखान्यात घडलेलं, हातानं फिरवायचं. आणि घेतलं हप्त्यानं! इथं माझ्यातला बँकवाला खडबडून जागा होतो. लोकांना वाटतं, हप्ता ही बँकांनी काढलेली कटकट. तसं नाही हो. आयझॅक सिंगरनं १८५१ साली पेटंट घेतलं, तेव्हा मशीनची किंमत ऐकूनच गिऱ्हाईक मागं फिरे. १८५६ साली त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानं थोडे पैसे आज आणि बाकीचे महिन्यामहिन्याला, अशी तोड काढली. आमच्या धंद्याचा मूळपुरुष म्हणून त्याची तसबीर प्रत्येक शाखेत लावायला माझी हरकत नाही.

यंत्रांवर एवढी नाराजी असणाऱ्या गांधीजींनीही या यंत्राला १९२४ साली माफी दिली होती. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरनं केवळ प्रेमापोटी ते काढलं, असं त्यांचं म्हणणं. पुढं वर्धा नदीपलीकडं सेवाग्रामला राहायला आले म्हणून ते आमचे शेजारीच, तेव्हा वाद घालवत नाही. पण सिंगरचा संसार पाहिला तर बायका एकीहून जास्त आणि मुलं विसाच्या वर. हे प्रेम नेमकं कुणापोटी, ते कळायला मार्ग नाही. शिवाय सुईच्या टोकाशी नेढं ठेवायची युक्ती इलायस होवेच्या १८४६ च्या पेटंटातली. कोर्टानं सिंगरला त्याचे पैसे मोजायला लावले.

पणजीनं हप्ते फेडले ते चोळ्यांवर. मग झंपरांचा काळ आला. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली आणि सुनांनी मापं दिली. लग्नसराईत ती कंदील जवळ ओढून मध्यरात्रीपर्यंत टिपा मारी. तिनं शिवलेले झंपर मांडवात मिरवत. ती मात्र विधवा म्हणून मांडवाच्या मागल्या दारानं मजुरी मागायला जाई. गळा कुणाला बरोबर बसला, हे ती तिथूनच मान उंचावून पाहून घेई, असं आजी सांगायची.

आजी तिची थोरली लेक. मशीन तिच्याकडं आलं, तिच्याकडून आईकडं. आईनं बाबांच्या शर्टांच्या विरलेल्या कॉलरी उलटवून त्यांची नोकरी निभावली, आणि एका ताग्यातून आम्हा भावंडांचे कपडे काढून उरलेल्यात खिडक्या झाकल्या. पाहुणे म्हणत, “तुमच्या घराण्यात शिवणाची भारी आवड!” आजी उसळून म्हणे, “आवड कायची बापा, हप्ता भराचा होता!”

आता ही म्हातारी ऐंशी वर्षांची, हप्ता केव्हाच फिटलेला. तरी घरी आलेल्या कुणाच्या बाहीला खांद्यावर चूण दिसली की ती त्याला चहाआधी सदरा उतरवायला लावी, बाही उसवी आणि पुन्हा बसवून देई. पैसे विचारले तर रागवायची. हा प्रकार कोणत्या हप्त्यात बसतो, हे मला बी. कॉम. होऊनही सांगता येत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा धंद्यांत शिंपीकामही आहे. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, व्याज पाच टक्के. मध्यंतरी एक बाई आमच्या शाखेत त्याची चौकशी करायला आल्या. कपाळ मोकळं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. मी साहेबी आवाजात विचारलं, “शिवणकामाचा अनुभव किती?”

त्यांनी माझ्या रेडिमेड शर्टाकडं क्षणभर निरखून पाहिलं.

“साहेब, तुमच्या डाव्या बाहीचा जोड मांगं गेला हाये.”

मी अर्जाचा कागद त्यांच्यापुढं सरकवला.