जठराचा माल्ट लिम्फोमा

जठराच्या श्लेष्मस्तरात उद्भवणारे, बी-लसीकापेशींचे सावकाश वाढणारे अर्बुद. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा वर्षानुवर्षांचा संसर्ग हे त्याचे प्रमुख कारण. निरोगी जठरात श्लेष्मस्तराचे लसीकाभ ऊतक (माल्ट) जवळजवळ नसतेच. संसर्गामुळे ते तेथे जमते आणि त्यातूनच अर्बुदाची पहिली पेशी निघते.

इतिहास : बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये पर्थ येथे हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. पुढच्याच वर्षी पीटर आयझॅकसन व डेनिस राइट यांनी या अर्बुदाचे वर्णन केले. १९९१ मध्ये ११० रुग्णांपैकी १०१ जणांच्या ऊतकात जंतू सापडला. १९९३ मध्ये केवळ जंतुनाशक उपचारांनी सहापैकी पाच जणांचे अर्बुद ओसरल्याचे दिसले.

रेणवीय यंत्रणा : जंतू बी-पेशींना थेट चेतवत नाही. जंतूला ओळखणाऱ्या टी-पेशी सीडी४० व सायटोकाइनांमार्फत बी-पेशींना विभाजनाचा संदेश देतात. प्रयोगनळीत टी-पेशी काढून घेतल्या की अर्बुदपेशींची वाढ थांबते. शिवाय प्रत्येक अर्बुद जंतूच्या ठरावीक वाणालाच प्रतिसाद देते. अनेक अर्बुदपेशींचे ग्राही मात्र जंतूला नव्हे, शरीराच्याच प्रथिनांना चिकटतात. भक्षकपेशींकडून मिळणारे एप्रिल हे प्रथिनही वाढीस हातभार लावते. जंतूचे कॅगए प्रथिन बी-पेशीत शिरून एसएचपी-२ मार्गाने तिचा मृत्यू टाळते, असाही एक मतप्रवाह आहे.

सततच्या विभाजनात गुणसूत्रे तुटून भलतीकडे जोडली जातात. सुमारे चतुर्थांश रुग्णांत ११ व्या गुणसूत्रावरील एपीआय२ आणि १८ व्यावरील माल्ट१ ही जनुके एकत्र येतात. संयुक्त प्रथिनाचे रेणू बाहेरच्या संदेशाविना आपसांत जुळतात, एनआयके किनेझचा नियंत्रक भाग छाटतात आणि एनएफ-कप्पा-बी हा मार्ग कायमचा चालू ठेवतात. क्वचित बीसीएल१० जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन तोच मार्ग चालू ठेवते. अशा अर्बुदांची जंतूवरची भिस्त सुटलेली असते. म्हणून जंतू मेला तरी ती बहुधा टिकतात. प्रस्तुत नोंदकाराच्या मते रोगाच्या टप्प्याइतकेच महत्त्व या जनुकीय चाचणीला द्यावे. पी५३ व पी१६ ही जनुके निकामी झाल्यास रोग आक्रमक रूप घेतो. एपीआय२–माल्ट१ असलेली अर्बुदे मात्र क्वचितच त्या वाटेला जातात.

मराठवाडा : भारतात या जंतूचा संसर्ग सर्रास असून तो बहुधा बालपणीच, घरातल्या घरात होतो. पाण्यावाटे प्रसाराचा पुरावा अपुरा आहे. त्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या टंचाईशी या रोगाचे नाते जोडणे घाईचे ठरेल. बार्शी येथे १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिच्या क्षेत्रात परंडा व भूम हे मराठवाड्यातले तालुकेही येतात. अशा नोंदण्यांच्या तक्त्यांत जठराचा लिम्फोमा जठराच्या कर्करोगात न धरता नॉन-हॉजकिन लिम्फोमात मोजला जातो. केवळ जठराचा रकाना पाहणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे येणारा रुग्ण बहुधा ‘पित्त’, ‘जळजळ’ अशीच तक्रार सांगतो. मेडिकलवरून परस्पर घेतलेल्या ‘गॅसच्या गोळी’ने जंतूची संख्या घटते व जंतू शोधणारी युरिएझ चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून अशा गोळ्या चाचणीआधी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद ठेवतात. गुणसूत्रांची फिश चाचणी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रांत होते.

उपचार : आम्लरोधक व प्रतिजैविकांचा १४ दिवसांचा क्रम. त्याने सुरुवातीच्या टप्प्यातील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत अर्बुद नाहीसे होते, पण त्याला कधी वर्षभराहून अधिक काळ लागतो. दाद न मिळाल्यास किरणोपचार किंवा रिटुक्सिमॅब. भारतात मेट्रोनिडाझोल व क्लॅरिथ्रोमायसिन यांना जंतू दाद देत नसल्याचे वारंवार आढळते.

प्रतिबंध : लस वापरात नाही.