हरीण : शास्त्रीय वर्गीकरण

सस्तन वर्ग, समखुरी गण, सर्व्हिडी कुल. रवंथ करणाऱ्या या कुलात जगभर पन्नासच्या आसपास जाती मानल्या जातात. महाराष्ट्राच्या रानांत त्यांपैकी सांबर, चितळ आणि भेकर या तीन आढळतात.

कुल ओळखण्याची ठळक खूण म्हणजे शिंग. हरणाचे शिंग भरीव हाडाचे आणि बहुधा फाटे फुटलेले असते. ते ठरावीक काळाने गळते आणि नवे उगवते. नव्या शिंगावर लवदार कातडी असते. वाढ पुरी झाली की नर झाडाझुडपांवर शिंग घासून ती उतरवतो. रेनडिअर सोडल्यास शिंगे फक्त नरालाच.

काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय यांची शिंगे गळत नाहीत. हाडाच्या गाभ्यावर कायमचे कठीण आवरण असते. म्हणून ते गाई-शेळ्यांच्या बोव्हिडी कुलात मोडतात. लिनिअसने १७५८ मध्ये काळविटाला चक्क शेळीच्या प्रजातीत घातले होते.

पिसोरी तिसऱ्याच घरची. तिला शिंगेच नाहीत. नराला सुळे असतात आणि पोटाचे तीनच कप्पे नीट वाढलेले असतात. तिचे कुल ट्रॅग्युलिडी.

सुळे भेकराच्या नरालाही असतात, पण आखूड का होईना, गळणारी शिंगे असल्याने ते खरे हरीण. त्याच्या मादीत गुणसूत्रे अवघी सहा, नरात सात. चिनी भेकरात मात्र ४६. दिसायला सारख्या जाती वेगळ्या काढताना अशा तपासण्या निर्णायक ठरतात. सांबरही पूर्वी सर्व्हस प्रजातीत होते, आता रुसामध्ये आहे.

सदाशिव पेठेतली मुले पूर्वी सारसबागेशेजारच्या पेशवे उद्यानात प्राणी बघायला जात, आता कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जातात. चितळ असो वा काळवीट, कुंपणाशी आरोळी एकच : ‘ते बघ हरीण!’ फरक तिथेच पडताळता येतो. चितळ नराच्या प्रत्येक शिंगाला सहसा तीन टोके, काळविटाचे शिंग पिळदार आणि बिनफाट्याचे.

चिंकाऱ्याचे शास्त्रीय नाव दख्खनमधूनच गेले. लष्करी अधिकारी विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली, त्यात त्याचे वर्णन आहे. गॅझेला बेनेटी या नावापुढे आजही सायक्स यांचेच नाव लागते. हा प्राणी मोकळ्या माळावर पाहायचा असेल, तर बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य गाठावे.