शब्दांचा भूगोल : प्रस्तावना

स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याने कोश उघडून ‘बोदेगा’ हा शब्द पाहिला, तर बहुधा सुरुवातीलाच अर्थ सापडतो तो वाइन मुरवण्याच्या, साठवण्याच्या तळघराचा. स्पेनमधल्या ला रिओखाच्या द्राक्षमळ्यांत किंवा हेरेसमध्ये हा अर्थ पुरतो. मेक्सिकोत मात्र बोदेगा म्हणजे मालाचे गोदाम. चिलेत फ्लॅटच्या जाहिरातीत पार्किंगच्या जोडीला ‘बोदेगा’ दिलेली असते, ती असते अडगळीचे सामान ठेवायची छोटी खोली. पेरूच्या लिमा शहरात आई पोराला तेल-तांदूळ आणायला पाठवते ते कोपऱ्यावरच्या बोदेगात. आणि न्यूयॉर्कमध्ये तर हा शब्द स्पॅनिशचे एक अक्षरही न जाणणाऱ्यांच्या तोंडी गल्लीतल्या दुकानासाठी रुळला आहे.

यातला खरा अर्थ कोणता, हा प्रश्न साहजिक आहे. पण तो बाजूला ठेवला की मगच या अभ्यासाचे दार उघडते. शब्दभूगोल ही भाषाविज्ञानाची शाखा असे मानते की, जिथे लोक ज्या अर्थाने शब्द वापरतात तिथे तो अर्थ पूर्ण खरा असतो. मूळ अर्थ शुद्ध आणि बाकीचे बिघडलेले, अशी उतरंड ती मानत नाही. अर्थ बदलला तो कुठे, कधी आणि कोणत्या व्यवहारामुळे, हे ती शोधते. वाचकांना या शोधात सामील करून घ्यावे, एवढ्यासाठीच ही प्रस्तावना.

बोदेगाचे मूळ ग्रीक ‘अपोथेके’ या शब्दात आहे. अर्थ साठवणीची जागा. तो लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये आला. औषधाच्या दुकानासाठीचा जुना स्पॅनिश शब्द ‘बोतिका’ आणि फ्रेंचांचे ‘बुटीक’ हीही याच कुळातली मंडळी. वाइन साठवली तर तळघर, माल साठवला तर गोदाम, आणि जहाजाच्या पोटात साठवला तर तो तळाचा कोठा. जहाजाच्या कोठ्यालाही स्पॅनिशमध्ये बोदेगाच म्हणतात.

हा जहाजाचा धागा सोडू नये. मेक्सिकोत किराणा मालाला ‘आबारोतेस’ म्हणतात. ‘आबारोते’ म्हणजे मुळात जहाजात मोठ्या गाठोड्यांच्या मधली फट भरण्यासाठी कोंबलेले लहान गाठोडे. स्पेनमधल्या जुन्या किराणा दुकानांवर ‘उल्त्रामारिनोस’ अशी पाटी असे, म्हणजे समुद्रापलीकडून आलेला माल. अमेरिका खंडातल्या स्पॅनिशमध्ये बांधणे आणि फेकणे या घरगुती क्रियांसाठीही नावाड्यांची क्रियापदे रूढ झाली आहेत. जी वसाहत बंदरांतून उभी राहिली आणि शतकानुशतके समुद्रमार्गे आलेल्या मालावर चालली, तिच्या दुकानदारीच्या बोलीत समुद्र मुरला आहे. बखरी आणि दप्तरे व्यापाऱ्यांचा इतिहास सांगतात, गिऱ्हाइकांचा इतिहास अशा शब्दांतून हाती लागतो.

आपल्याकडे ‘वखार’ शब्दाने असाच प्रवास केला. इतिहासात ती इंग्रजांची सुरतेची किंवा राजापूरची वखार, आज लाकडाची किंवा कांद्याची, आणि सरकारी कागदावर वखार महामंडळाची.

मात्र एका सूत्रात सगळे बसवण्याची घाई या विषयात नडते. देशागणिक एक अर्थ अशी वाटणी करायला गेलो तर पेरूच आडवा येतो. लिमात बोदेगा हे किराणा दुकान, तर त्याच देशातल्या इका भागात बोदेगा म्हणजे पिस्को ही द्राक्षांची दारू गाळण्याचे ठिकाण. इथे अर्थ ठरतो तो बोलणारा कुठे उभा आहे यावरून. क्यूबातली गोष्ट आणखी वेगळी. 1962 मध्ये तिथे रेशन सुरू झाले आणि कोपऱ्यावरची बोदेगा सरकारी वाटपाचे केंद्र बनली. कुटुंबाची ‘लिब्रेता’, म्हणजे शिधापुस्तिका, घेऊन माणसे तिथे जातात आणि तांदूळ, साखर, कडधान्य दिल्याची नोंद दुकानदार त्यात करतो. शब्द तोच, दुकानही बहुधा तेच, पण गिऱ्हाइकाचे दुकानाशी असलेले नाते पालटले. कोशातली ‘किराणा दुकान’ ही नोंद हे नाते टिपू शकत नाही.

पोर्तो रिकोत अशा दुकानाचे रोजचे नाव ‘कोल्मादो’. शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकातही तेच. पण न्यूयॉर्कला स्थलांतरित झालेल्या पोर्तो रिकन लोकांच्या दुकानांना नाव चिकटले ते बोदेगा. पुढे तीच दुकाने डोमिनिकन आणि नंतर येमेनी कुटुंबांनी चालवायला घेतली. 2 फेब्रुवारी 2017 रोजी अमेरिकेच्या प्रवासबंदीच्या निषेधार्थ येमेनी दुकानदारांनी न्यूयॉर्कमधली आपली दुकाने बंद ठेवली, तेव्हा तो संप ‘बोदेगांचा संप’ म्हणूनच ओळखला गेला. ग्रीक मुळाचा, स्पॅनिश घडणीचा शब्द अरबी बोलणाऱ्या मालकांच्या दुकानावर इंग्रजी बोलणाऱ्या शहराने कायम केला.

आता उलट दिशेने पाहू. वस्तू एक धरली, कोपऱ्यावरचे दुकान, तर नावे किती? अर्जेंटिनात ‘अल्मासेन’. हा अरबी शब्द, आणि आपला ‘खजिना’ त्याच अरबी धातूपासून आला आहे. स्पेनमध्ये अल्मासेन म्हणजे गोदाम. म्हणजे स्पेनमधले गोदाम अर्जेंटिनात दुकान झाले, तर अर्जेंटिनातल्या मेंदोसात बोदेगा मात्र वाइनचीच राहिली, कारण तिथे द्राक्षमळे आहेत. कोस्टा रिका, निकाराग्वा, होंडुरास इथे ‘पुल्पेरिया’. एकोणिसाव्या शतकात अर्जेंटिनाच्या गवताळ मुलखातही पुल्पेरिया असत. तिथे मालक लोखंडी गजांच्या आडून माल आणि दारू देई. स्पेनच्या गॅलिसियात याच नावाच्या ठिकाणी ऑक्टोपस शिजवून वाढतात.

हा पसारा समजून घेण्याची परंपरा मोठी आहे. स्पेनच्या शाही अकादमीच्या पहिल्या कोशाचा पहिला खंड 1726 मध्ये निघाला. त्यानंतर दीर्घकाळ स्पेनचा वापर हाच मापदंड होता. आन्द्रेस बेयो यांनी 1847 मध्ये अमेरिका खंडातल्या वाचकांसाठी व्याकरण लिहिले आणि त्यांच्या बोलींनाही स्पेनच्या प्रांतांइतकाच हक्क आहे, असे बजावले. तोमास नावारो तोमास यांनी 1927-28 मध्ये पोर्तो रिकोत बोलींची पाहणी केली. कोलंबियाच्या कारो इ कुएर्वो संस्थेने 1981 पासून देशाचा भाषिक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. 2010 मध्ये दोन महत्त्वाचे कोश आले. एक, स्पॅनिश भाषेच्या अकादमींच्या संघाचा अमेरिकी शब्दांचा कोश. दुसरा, लुइस फेर्नान्दो लारा यांच्या नेतृत्वाखाली झालेला मेक्सिकोच्या स्पॅनिशचा कोश. लारा यांनी मेक्सिकोची भाषा स्पेनपेक्षा किती निराळी, हे मोजण्याऐवजी ती संपूर्ण भाषा म्हणून नोंदवली. या शाखेतला विचार किती पुढे आला, ते या एका निर्णयातून कळते.

पद्धतीबद्दल थोडे. क्षेत्रात जाऊन ‘बोदेगा म्हणजे काय?’ असे विचारले, तर माणूस शाळेत किंवा टीव्हीवर ऐकलेले उत्तर देतो. ‘घरातले तेल संपले तर कुठे जाता?’ असे विचारले, की त्याच्या तोंडून रोजचा शब्द निघतो. लिमात कदाचित दुकानाचे नावच येणार नाही. ‘चिनोकडे’, म्हणजे चिन्याकडे, असे उत्तर येईल, कारण तिथे आशियाई दुकानदारावरून कोपऱ्यावरच्या दुकानाला ते नाव पडले. चांगला प्रश्न शब्दाचे नाव घेत नाही, गरजेचे नाव घेतो.

या विषयाला दूरच्या अभ्यासकांचे वावडे नाही. स्पॅनिश शहरांतल्या शब्दभेदांचा ‘वारिलेक्स’ हा मोठा प्रकल्प टोकियोच्या हिरोतो उएदा यांनी 1993 मध्ये उभा केला. मराठी अभ्यासकांकडे तर आपल्या बोलींचा अनुभव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह केलेले बोलींचे सर्वेक्षण हाताशी आहे. स्पॅनिश अकादमीचे मजकूरसंग्रह इंटरनेटवर विनामूल्य खुले आहेत. देश निवडून शब्द शोधता येतो, आणि तो कोणत्या वर्षीच्या मजकुरात आला तेही पाहता येते.

म्हणून नव्या अभ्यासकाला एकच आग्रहाचे सांगणे आहे. कोणताही अर्थ नोंदवताना त्याच्यापुढे गाव, वर्ष आणि बोलणाऱ्याचा व्यवसाय लिहावा. इकाचा दारू गाळणारा आणि लिमाचा दुकानदार एकाच रकान्यात पडले, तर दोघांचीही भाषा आपल्या हातून निसटेल.